पाहुण्यांसाठी एक बटण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुनंदाला — माझ्या बायकोला — सुद्धा नाही, आणि तिच्यापासून मी सहसा काही लपवत नाही. म्हणजे, लपवण्यासारखं दुसरं काही माझ्याजवळ नाहीच. नांदेडला आमचं घर आहे, तीन खोल्या खाली, दोन वर. गच्चीवरच्या टाकीत किती पाणी आलं ते मी रोज पट्टीने मोजतो आणि कॅलेंडरवर लिहितो. विजेच्या मीटरचं रीडिंग पहिल्या तारखेला. पाऊस पडलाच तर किती मिलिमीटर. मुलं हसतात. म्हणतात, बाबांना चुकीचा आकडा दाखवा, त्यांना जेवण जाणार नाही.

खरं आहे ते. आणि म्हणूनच हे सांगणं मला इतकं जड जातंय. कारण जे खोटं मी लिहिलं त्यातला एकही आकडा खोटा नव्हता.

कुठून सुरू करू? सुरुवात दुष्काळापासून केली तर सगळा दोष दुष्काळावर ढकलल्यासारखं होईल. साहेबांपासून केली तर साहेबांवर. मी जसं घडलं तसं सांगतो, तुम्ही ऐका.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग वाळायचा होता. आधीची सगळी कामं उस्मानाबादेतून व्हायची, ती आता आपल्या जिल्ह्यातून होणार याचं लोकांना फार कौतुक होतं, आणि त्या कौतुकापोटी कशाचंही उद्घाटन व्हायचं — रस्त्याच्या तुकड्याचं, दवाखान्याच्या खोलीचं, एकदा तर नव्या जीपगाडीचं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, पाणीपुरवठ्याच्या कामावर कनिष्ठ अभियंता. माझ्याकडे जे गाव होतं त्याचं नाव लिहीत नाही. पन्नास हजार वस्तीचं तालुक्याचं गाव एवढं समजा.

त्या गावाचा तलाव आटला होता. तलावाला दगडी पायऱ्या होत्या, त्यांवर आम्ही दर सोमवारी पाण्याची खूण रंगाने करायचो. शेवटच्या पायरीखाली खूण करायला पायरी उरली नाही म्हणून काठी रोवली. मग काठीही कोरडी झाली. नदीत मात्र तीन किलोमीटरवर एक डोह शिल्लक होता. तिथे पंप बसवायचा, पाणी गावाच्या टाकीत आणायचं, असं ठरलं. साठ हॉर्सपॉवरचा पंप, तासाला दोन लाख लिटर. दिवसाचे दहा तास चालला तर वीस लाख. पन्नास हजारांत वाटले तर माणशी चाळीस लिटर — चार घागरीसुद्धा नाहीत नीट. पण आहे त्या शून्यापेक्षा चाळीस किती जास्त, हे तुम्हाला सांगायला हवं का?

अडचण विजेची होती. बाहेरची मुख्य लाइन यायला अजून दोन महिने होते, खांब निम्मेच उभे होते. म्हणून डिझेलवरचा एक मोठा जनरेटर मागवला. पण तो नदीपर्यंत नेता येईना — शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला उतार आणि वाळू, ट्रक रुतायचा. जनरेटर गावाजवळच्या आमच्या आवारातच ठेवावा लागला. चारशे व्होल्टची वीज तारेने तीन किलोमीटर न्यायची म्हटलं तर वाटेतच तिचा जीव जातो. ती आधी अकरा हजार व्होल्टवर चढवावी लागते. त्यासाठी आवारात एक ट्रान्सफॉर्मर होता, मुख्य लाइन आल्यावर वापरायला आणून बसवलेला. तो आम्ही उलटा वापरणार होतो — इकडून जनरेटरचे चारशे घालायचे, तिकडून अकरा हजार काढायचे, आणि नदीवरच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरने पुन्हा चारशे करून पंप फिरवायचा.

आता नीट लक्ष द्या, कारण सगळं इथे आहे. ट्रान्सफॉर्मर हजार केव्हीएचा. जनरेटर अडीचशेचा. चौथा हिस्सा.

चालू झाल्यावर ट्रान्सफॉर्मरचं ओझं काहीच नव्हतं. नुसता जागा ठेवायचा तर तो वीस अँपिअर घेतो, आणि आमचा जनरेटर तीनशे अठ्ठेचाळीस देऊ शकत होता. प्रश्न जागं करण्याचा होता. ट्रान्सफॉर्मरच्या आत लोखंडाचा गाभा असतो. त्याच्यावर एकदम पूर्ण व्होल्टेज सोडलं की पहिल्या क्षणी तो भलताच करंट ओढतो, आपल्या नेहमीच्या भाराच्या आठ-आठ, दहा-दहा पट. क्षणभरच. पण चौपट लहान जनरेटरला तो क्षण झेपत नाही — झेपेल कसा?

हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. सोनकांबळ्यांना हातातून ठाऊक होतं.

किसन सोनकांबळे आमच्याकडे ऑपरेटर होते. मूळचे हिमायतनगरकडचे. तरुणपणी उमरीला कापसाच्या एका जिनिंगमध्ये इंजिनावर होते, ते बंद पडल्यावर खात्याच्या कामामागे फिरत फिरत लातूरकडे आलेले. वय पंचेचाळीस. नऊ वर्षं रोजंदारीवर. नऊ वर्षं म्हणजे हजेरीपटावर रोज अंगठ्याऐवजी सही करणारा, पण रविवारी आजारी पडायचीही चोरी असलेला माणूस. त्या वर्षी खात्यात रोजंदारीवरच्या लोकांना कायम करायची यादी निघणार होती आणि तिच्यात त्यांचं नाव होतं. मी स्वतः वरच्या कार्यालयात पाठवलेल्या यादीत तिसरं. ते मला साहेब म्हणायचे. मी त्यांना अरे-तुरे करायचो — माझ्याहून सतरा वर्षांनी मोठ्या माणसाला. आज लिहिताना ‘ते’ म्हणतोय, तेव्हा ‘तो’ म्हणत होतो.

त्यांनी मला पद्धत दाखवली. जनरेटर बंद असतानाच ब्रेकर — जादा करंट आला की आपोआप सुटणारा मोठा स्विच — लावून तो ट्रान्सफॉर्मरला जोडून टाकायचा. दोघंही मेलेले. मग जनरेटरचा व्होल्टेज सांभाळणारा खटका ऑटोवरून काढून मॅन्युअलवर करायचा, व्होल्टेजचं चाक शून्यावर आणायचं, आणि मग इंजिन सुरू करायचं. इंजिन पूर्ण वेगाला आलं, तरी व्होल्टेज काहीच नाही. तिथून हाताने चाक फिरवत, दोन मिनिटांत, हळूहळू चारशे पंधरापर्यंत.

“झोपलेल्या माणसाला थोबाडीत मारून उठवतेत का साहेब?” ते म्हणाले होते. “पायाला हात लावायचा. हळू. मग ते दचकत न्हाई.”

आम्ही तसं करून पाहिलं. काटा मुंगीच्या चालीने वर चढला. ट्रान्सफॉर्मरमधून बारीक गुणगुण सुरू झाली, बस्स. मुख्य लाइनकडची बाजू त्यांनी आधीच सोडवून तिला कुलूप घातलं होतं आणि किल्ली सुतळीने गळ्यात बांधली होती. मी म्हटलं, लाइन अजून आलीच नाही, कुलूप कशाला? तर म्हणाले, “खांबावर पोरं काम करून राहिलेत. आपली वीज उलटी तिकडं गेली तर?” नदीवर पंप फिरला. पाणी आलं — पाइपाच्या तोंडाशी ते लालसर फेसाळ पाणी बघून सोनकांबळे नुसते उभे राहिले. मी घड्याळ लावून बादल्या मोजल्या.

म्हणजे काम झालं होतं. तुम्ही म्हणाल, मग बिघडलं कुठे?

उद्घाटन राहिलं होतं.

मुंबईहून पाहुणे येणार होते. आमचे मोठे साहेब चार दिवस आधी आवारात आले, मंडप कुठे घालायचा, खुर्च्या कुठे, ते बघितलं. लाउडस्पीकर आणि पंखे जनरेटरवरच चालणार होते, दुसरी वीज नव्हतीच. म्हणजे भाषणांच्या आधीपासून जनरेटर पूर्ण व्होल्टेजवर सुरू हवा. मग साहेबांनी विचारलं, “आणि पाहुण्यांनी दाबायचं काय?”

सोनकांबळे म्हणाले, “दाबायचं काही न्हाई साहेब. चाक फिरवायचं असतंय.”

“चाक?” साहेब हसले. “अहो, ते काय मोटार चालवायला येतायत का?”

सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसता मी म्हणालो, की साहेब, ब्रेकरचं बटण ठेवता येईल. जनरेटर आधी चालू ठेवू, भाषणं होऊ द्या, मग पाहुणे बटण दाबतील आणि नदीवर पंप सुरू होईल.

मला कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी प्रश्न विचारला होता, हुकूम केला नव्हता. मी म्हणालो असतो की नाही जमणार, तर त्यांनी पाहुण्यांना नारळ फोडायला सांगितलं असतं आणि संपलं असतं. हे मी इतक्या वर्षांत शेकडो वेळा तपासून पाहिलंय. माणूस चांगला होता. ऐकलं असतं त्यांनी.

 साहेब गेल्यावर सोनकांबळे म्हणाले, “न्हाई व्हायचं साहेब हे.” मी म्हटलं, बघू.

आणि मी बघितलं. हे तर कुणालाच माहीत नाही. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी त्यांना जीप देऊन नदीवर पाठवलं, पंपाचा वॉशर बघून ये म्हणून. आवारात मी एकटा. जनरेटर पूर्ण व्होल्टेजवर आणला आणि ब्रेकर दाबला. इंजिन गुरगुरलं, व्होल्टेजचा काटा चारशे पंधरावरून तीनशे दहापर्यंत खाली आला — आणि परत वर गेला. टिकलं! मी दोन वेळा श्वास घेतला आणि बंद केलं.

विजेची लाट वर-खाली होत असते. तिच्या नेमक्या कुठल्या क्षणी ब्रेकर लागतो आणि आधीच्या वेळचं किती चुंबकत्व गाभ्यात उरलंय, यावर तो झटका ठरतो. कधी थोडका, कधी जबरदस्त. हेही मला पुस्तकातून ठाऊक होतं. एका वेळेला टिकलं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. पावसाचं एकच रीडिंग घेऊन कुणी वर्षाची सरासरी सांगितली तर मी त्याला काय म्हणेन? पण तो आकडा माझ्या सोयीचा होता. म्हणून मी तो पुरावा मानला.

संध्याकाळी सोनकांबळ्यांनी इंजिनाला हात लावला. “मशिन चालवलं का साहेब?” मी म्हणालो, ऑइल बघायला पाच मिनिटं. हे पहिलं खोटं. लहान होतं, सहज निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडप भरला. गावच्या बाया नळांवर घागरी रांगेत लावूनच आल्या होत्या. त्यांना सांगितलं होतं की अकरा वाजता पाणी सुटेल. खटका ऑटोवर हवा होता, कारण लाउडस्पीकरला स्थिर व्होल्टेज लागतं. मी सोनकांबळ्यांना म्हटलं, ऑटोवर कर. ते हलले नाहीत. म्हणाले, “साहेब, ऑटोवर ठेवलं आनि व्होल्टेज पडलं तर मशिन स्वतःला जाळून घेईल. ते जोर लावतंय, थांबत न्हाई.” मग मीच पुढे झालो आणि खटका फिरवला.

पाहुण्यांनी बटण दाबलं.

धप्प असा आवाज झाला, इंजिन खाली बसल्यासारखं झालं आणि निवेदकाचा आवाज “या ऐतिहासिक क्ष—” वर तुटला. पंखे थांबले. ब्रेकर सुटून आला. पाहुणे स्वतःच मोठ्याने म्हणाले, “जिल्हा नवा केला हो, वीज जुनीच दिसती!” मंडप खो-खो हसला. माणूस मोकळा होता. त्यांच्या विनोदाने सगळं निभावलं होतं, खरंच सांगतो. तिथे थांबता आलं असतं.

सोनकांबळे माझ्या कानाशी आले. “बंद करू साहेब. हळू चढवू. दोन मिनिटं फक्त. पाहुण्यांना चहा द्या तवर.”

दोन मिनिटं. चहा द्यायला तेवढी लागणारच होती. मी म्हणालो, नाही, पुन्हा दाबू द्या.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ब्रेकर लगेच सुटला नाही — दोन-तीन सेकंद तो धरून बसला, जनरेटर आत घुमत राहिला, आणि मग जळक्या वार्निशचा वास आला. जनरेटरच्या मागच्या टोकाला एक्सायटर असतो, जनरेटरला चुंबकत्व पुरवणारा भाग. तो गेला. निळसर धूर मंडपाच्या कापडाखालून हळूहळू बाहेर पडला. पाहुणे नारळ फोडून दुसऱ्या कार्यक्रमाला गेले.

नवा एक्सायटर पुण्याहून यायला अकरा दिवस लागले. वीस लाख गुणिले अकरा. दोन कोटी वीस लाख लिटर. हे पाणी डोहातच होतं, आटलं नव्हतं, कुणी चोरलं नव्हतं. पण त्या अकरा दिवसांत ते कुणाच्या घरात पोचलं नाही. वॉर्डाला एक टँकर, तोही यायचा तेव्हा. घागरींच्या त्या रांगा तशाच राहिल्या, फक्त त्यांत आता दगड, फुटके डबे, चपला — ज्याला जे मिळेल ते जागा धरायला ठेवलेलं. मी रोज त्यांच्यावरून सायकलने जायचो. कुणी मला काही बोललं नाही. का बोलतील? त्यांना ठाऊक होतं की चूक ऑपरेटरची आहे.

आता तिथे आलो.

त्याच दिवशी दुपारी मोठे साहेब म्हणाले, वर लेखी पाठवावं लागेल. यंत्राची चूक की माणसाची, एवढं स्पष्ट लिहा. मी लॉगबुक उघडलं. वेळा लिहिल्या, अकरा वाजून चार, अकरा वाजून सात, अकरा वाजून बारा. व्होल्टेज किती होतं ते लिहिलं. डिझेल किती, ऑइलचा दाब किती. सगळं बरोबर. आणि मग लिहिलं: ‘ऑपरेटरने व्होल्टेज नियंत्रणाचा खटका मॅन्युअलवर न ठेवता ऑटोवर ठेवल्यामुळे एक्सायटर निकामी झाला.’

खटका ऑटोवर होता. त्यामुळेच एक्सायटर जळला. फक्त हात दुसऱ्याचा लिहिला.

घाबरलो होतो का? हो, पण कशाला? मी नोकरीत कायम होतो. फार तर एक ताशेरा आला असता, एखादी वेतनवाढ लांबली असती. माझ्या घरी गावाकडे चाळीस एकर जमीन होती, मी पाटलांच्या घरातला. सोनकांबळ्यांचं जे काही होतं ते त्या यादीत होतं. हे सगळं मला ती ओळ लिहिताना माहीत होतं. विसरलो होतो, घाईत होतो, असं काही नाही. शाई वाळेपर्यंत मी त्या ओळीकडे बघत होतो.

लॉगबुकवर पाळीच्या ऑपरेटरची सही लागते. मी त्यांना बोलावलं. ते वाचायला लागले तेव्हा मला वाटलं — खरं सांगू? — मला वाटलं, आता हे भांडतील आणि मग मला ती ओळ खोडता येईल. त्यांनी बोट ठेवून पूर्ण वाचलं. म्हणाले, “असंच लिवायचं का साहेब?”

मी म्हणालो, “तुझं नाव कुठं जात नाही वर. नुसती नोंद आहे. यादीचं मी बघतो.”

“हाव,” ते म्हणाले, आणि सही केली.

मोठ्या साहेबांनी कागद वाचून एवढंच म्हटलं, “वाटलंच होतं.” काय वाटलं होतं? त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सोनकांबळे बौद्ध होते, रोजंदारीवर होते, शाळा सातवीपर्यंत. माझा कागद इतक्या सहज खरा ठरला तो माझ्या हुशारीने नव्हे. तो खरा मानायला सगळे आधीच तयार बसले होते, आणि ते तयार आहेत हे मला लिहितानाच माहीत होतं. माझ्या चुकीतला हा भाग मी स्वतःशीसुद्धा फार उशिरा कबूल केला.

एक्सायटर बसल्यावर यंत्र सोनकांबळ्यांनीच चालू केलं. मंडप नाही, काही नाही, आम्ही पाच-सहा माणसं. त्यांनी आधी जोडलं, मग इंजिन लावलं, मग चाक. दोन मिनिटं. दुपारी गावात पाणी सुटलं. पुढचे दोन महिने, मुख्य लाइन येईपर्यंत, रोज सकाळी ते तसंच चढवत राहिले आणि एकदाही ब्रेकर सुटला नाही.

मग यादी आली. तिसऱ्या नावावर दुसराच माणूस होता. सोनकांबळ्यांचा हजेरीपट महिनाअखेरीस बंद झाला. ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. “साहेब, माझी नऊ वर्षं.” एवढंच. मी म्हणालो की मी वर बोललो होतो, पण ऐकलं नाही. मी कुणाशी बोललो नव्हतो. ते दुसरं — नाही, तिसरं. आता मी मोजणंही नीट करत नाही.

पुढचं लवकर सांगतो, कारण ते सांगायला मला जास्त लाज वाटते. लहान जनरेटरवरून मोठा ट्रान्सफॉर्मर कसा चालू करावा, यावर मी बारा पानांचं टिपण लिहिलं. आधी जोडा, मग फिरवा, मग हळू चढवा, बाहेरच्या लाइनची बाजू सोडवून कुलूप घाला आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. खात्यात ते टिपण फिरलं. प्रशिक्षणाला मला बोलावू लागले. नवी मुलं वहीत उतरवून घ्यायची. झोपलेल्या माणसाचं उदाहरणही मी द्यायचो, सगळे हसायचे. ही पद्धत तुम्हाला कुठे मिळाली, असं एकाने एकदा विचारलं. मी म्हणालो, अनुभवातून.

चार वर्षांपूर्वी मी कामाने हिमायतनगरला गेलो होतो. रस्त्याकडेला मोटार वाइंडिंगचं एक दुकान दिसलं आणि आत, तांब्याच्या तारेचं वेटोळं गुडघ्यात धरून, सोनकांबळे बसलेले. केस पांढरे झालेले. मी ओळखायच्या आधी त्यांनी मला ओळखलं. उठले, खुर्ची पुसली, शेजारच्या पानवाल्याला ओरडून सांगितलं, “ये रे, बघ कोण आलंय! आमचे लातूरचे साहेब! लई हुशार माणूस!” चहा मागवला. पोरगी नर्स झाली, नातू शाळेत आहे, सगळं सांगितलं. मी विचारलं, दुकान बरं चालतं का? “चालतंय की. उन्हाळ्यात लई मोटारी जळतेत.”

मला वाटत होतं की आता सांगावं. खरंच. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात तेच म्हणाले, चहाच्या कपाकडे बघत —

“साहेब, त्या टायमाचं माझ्या डोक्यातनं जात न्हाई. कधी वाटतंय तुम्हीच खटका फिरवला होता. मग वाटतंय, न्हाई, माझंच चुकलं असंल. तुम्ही लिवलेलं होतं ना. तुम्ही कधी चुकीचं लिवत न्हाई. गावाला अकरा दिवस पानी न्हाई मिळालं माझ्यापायी.”

ते माझ्याकडे बघत होते. वीस वर्षं ते स्वतःला विचारत आले होते, आणि या जगात उत्तर माहीत असलेला दुसरा एकच माणूस त्यांच्यासमोर खुर्चीवर बसला होता. पानवाला दारात उभा होता. बाहेर माझ्या ड्रायव्हरने गाडी सुरू करून ठेवली होती. ही कारणं नाहीत. नुसतं तिथे काय काय होतं ते सांगतोय.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “जाऊ द्या, सोनकांबळे. इतकं मनाला लावून घेऊ नका. माणसाकडून चूक होते.”

त्यांचे डोळे भरून आले. “हाव साहेब,” ते म्हणाले. “तुम्ही म्हनता म्हणल्यावर बरं वाटलं.”